धुळवडीचा तांबडा-पांढरा, पंचवीस पानांचा

कोल्हापुरात रंग खेळायचा तो रंगपंचमीला. धुळवड म्हणजे मटण. होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत एखादी पिचकारी दिसली तर दिसली, मटणाच्या दुकानापुढची रांग मात्र कोपऱ्यावरून वळलेली असते. माझं माहेर नाशिकचं. लग्नानंतर पहिली काही वर्षं मला या प्रकाराची नुसती गंमत वाटायची. यंदा रस्साच गळ्यात पडला.

आमच्यात धुळवडीचा रस्सा अण्णांचा. अण्णा म्हणजे माझे चुलत सासरे, तीन भावांत थोरले. तिन्ही घरं, पोरंटोरं आणि हमखास येणारे दोन-तीन पाहुणे धरून पंचवीस पानं होतात. फेब्रुवारीच्या शेवटी अण्णांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी महिनाभर धूर, वाफ, फोडणी यांच्यापासून लांब राहायला सांगितलं. धुळवड होती १४ मार्च २०२५ ला. महिना काही भरत नव्हता. "मग यंदा बाहेरनं मागवूया का?" असं धाकट्या दिरानं विचारल्यावर अण्णांनी त्याच्याकडं फक्त बघितलं. एका डोळ्यावर पट्टी असूनही ते बघणं पुरेसं होतं. "करंल की ही," म्हणाले. ही म्हणजे मी.

चार माणसांचा रस्सा मी कुकरमध्ये कितीदा तरी केलाय. पंचवीस जणांचा, तोही परड्यातल्या चुलीवर, आणि खाणारे सगळे जन्मानं कोल्हापूरकर, म्हटल्यावर पोटात गोळाच आला. तुमच्यावर अशी वेळ आली तर अंदाज असावा म्हणून हिशोबासकट सगळं लिहून काढतेय.

सुरुवात चटणीपासून. इथं चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला. ती एरवी एप्रिल-मेमध्ये वर्षभराची होते, त्यामुळं मार्चमध्ये बरणीचा तळ दिसायला लागलेला असतो. आमच्या बरणीत जेमतेम दोन वाट्या निघाली आणि रंगही उतरलेला. म्हणून मार्चच्या पहिल्या शनिवारी एक किलो मिरचीचा छोटा घाणा करायचं ठरलं. अर्धी ब्याडगी, अर्धी संकेश्वरी. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला आणि वासाला. संकेश्वरीनं खिसा हलका केला, पण नुसत्या ब्याडगीची चटणी दिसायला झकास आणि चवीला मिळमिळीत होते. किलोभर मिरचीला पाव किलो धणे, पाव किलो सुकं खोबरं, शंभर ग्रॅम तीळ, पाव किलो लसूण, अर्धा किलो कांदा उभा चिरून उन्हात वाळवून तळलेला, आलं, कोथिंबीर, खडा मीठ आणि गरम मसाल्याचा सगळा लवाजमा: दालचिनी, लवंग, मिरी, दगडफूल, नाकेशर, बडीशेप, हिंग. प्रत्येक जिन्नस वेगवेगळा भाजायचा. एकत्र भाजायला गेलात तर तीळ करपतात आणि दालचिनी कच्ची राहते.

डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या गिरणीत, नंबर लावला. ऐन हंगामात तिथं अख्खा दिवस जातो. मार्चच्या सुरुवातीला अडीच-तीन तासांत काम झालं. तिथल्या बाईंनी डबा उघडून वास घेतला आणि कांदा ओला आहे का, हे आधी विचारलं. ओला असेल तर घेत नाहीत, कारण चटणी डंकाला चिकटते आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा घाणा बिघडतो. तेव्हा कांदा कडक तळूनच न्या आणि नाका-तोंडाला बांधायला ओला रुमाल विसरू नका. सगळं मिळून खर्च दीड हजाराच्या थोडा आत. घरी आणल्यावर चटणी लगेच वापरायची नाही, आठवडाभर मुरू द्यायची. म्हणूनच धुळवडीपासून मागं मोजून घाई केली.

पुढचा प्रश्न भांड्यांचा. पंचवीस-तीस लिटरचं पातेलं घरात कोण ठेवतंय? आमच्या पेठेत ती सोय तालमीत आहे. तिथं जर्मलची (ॲल्युमिनियमची) मोठी पातेली, झारे, पळ्या, पराती सगळं मिळतं, पण शिस्तीत. वहीत नाव, फोन नंबर, नेल्याची तारीख आणि प्रत्येक वस्तूचा नग लिहून सही करायची. पाचशे रुपये अनामत, तीनशे रुपये भाडं. घासून परत द्यायचं, काजळी राहिली तर अनामतीतून कापतात. धुळवडीसाठी पातेली आठ दिवस आधीच बोलून ठेवावी लागतात. मी गेले तेव्हा सगळ्यात मोठं पातेलं आधीच कुणीतरी नावावर लावलं होतं. मग मधल्या मापाची दोन घेतली. ते उलट बरंच झालं, ते का ते पुढं येईलच. सही करण्याआधी पातेल्याचा बूड तपासा. पोचा असेल तर पातेलं चुलीवर डुगडुगतं आणि एकाच जागी लागतं.

मध्येच वाराचा विषय निघाला. यंदा धुळवड शुक्रवारी, आणि शुक्रवार अंबाबाईचा. सासूबाई शुक्रवार पाळतात. "आपण रविवारी करू" असा एक प्रस्ताव आला, त्यावर तिन्ही घरांत दोन दिवस फोनाफोनी झाली आणि शेवटी सासूबाईंनीच निकाल दिला: धुळवड ती धुळवड, मी आदल्या दिवशीची पोळी खाईन. प्रश्न मिटला. असा विषय आपल्याकडं निघणार असेल तर भांडी बोलायच्या आधी निघू दे.

मटणाची ऑर्डर बुधवारी दिली. साडेसहा किलो, बोकडाचं. माणशी पाव किलो हा हिशोब धरायचा, त्यात लहान पोरांचं वाचतं. किलोला ७२० रुपये. हजार रुपये आगाऊ घेऊन चिठ्ठीवर नंबर लिहून मिळाला. दराचा विषय कोल्हापुरात साधा नसतो. २०१९ च्या शेवटी मटणाच्या दरवाढीवरून इथं आंदोलन झालं होतं, कृती समिती झाली होती, दुकानं बंद राहिली होती. दर सांगताना दुकानदार आजही आवाज जरा खाली आणतो, असा माझा समज आहे. काय काय हवं ते चिठ्ठीवरच लिहून घ्या: मांडी, चाप, गर्दन, आणि नळ्या जास्तीच्या. नळ्या शेवटच्या गिऱ्हाइकाला मिळत नाहीत, आणि नळ्यांशिवाय रश्शाला अंग येत नाही.

गुरुवारी, १३ तारखेला होळी. दिवसभर पुरण, कटाची आमटी, नैवेद्य. गल्लीतली होळी पेटून झाल्यावर रात्री नऊला जावा-जावा मिळून तयारीला बसलो. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या थेट गॅसवर धरून काळपट होईस्तोवर भाजल्या. कांदेही सालीसकट भाजले. आलं-लसूण-कोथिंबीर वाटून डब्यात भरली. खसखस आणि काजूतुकडा भिजत घातला. ओले नारळ मात्र फोडले नाहीत. नारळाचं दूध सकाळीच काढायचं. मार्चमध्ये रात्रभरात ते आंबतं, आणि फ्रीजमध्ये ठेवलं तर वर लोण्यासारखा थर धरतो. बाराला आडवी झाले, झोप आली नाही.

शुक्रवारी सकाळी साडेपाचला नवरा आणि मी दुकानापुढं. चिठ्ठी असली तरी रांग असतेच, चिठ्ठीवाल्यांची वेगळी. थर्मास नेला होता. शेजारच्या आजोबांना त्यात चहा दिला आणि त्या बदल्यात शहाणपण मिळालं: टांगलेल्या बोकडावर महापालिकेचा शिक्का बघायचा, चरबी पांढरी असावी, पिवळी असेल तर जनावर जून. साडेसातला मटण घरी आलं.

इथून पुढचे दोन तास महत्त्वाचे. बाकी सगळं मागंपुढं झालं तर सावरता येतं.

परड्यातल्या सावलीला, वारा ज्या बाजूनं येतो तिकडं अण्णांची खुर्ची मांडली. काळा चष्मा, डोक्याला टॉवेल, हातात वर्तमानपत्र. पान काही उलटत नव्हतं. मी सवयीनं आधी चटणीचा डबा काढून ठेवला, तर म्हणाले, "ती ठेव आत. तिखट कुणीबी घालतंय. आधी अळणी कर."

अळणी म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, ज्यात मिरची-मसाला नाही. तांबडा आणि पांढरा, दोन्ही तिच्यातूनच निघतात. एवढ्या वर्षांत मी हे पाणी मटण शिजण्याचा जोडधंदा समजत आले होते. कुकरच्या चार शिट्ट्या, जे पाणी उरेल ते रश्शाला. अण्णांच्या हिशोबात उलटं आहे: पाणी करायचंय, मटण त्यात शिजतं.

मटण धुवून त्याला मीठ, आलं-लसणाचं वाटण आणि अगदी चिमूटभर हळद चोळून अर्धा तास ठेवलं. हळद जास्त झाली तर पांढरा पिवळा होतो. सव्वाआठला चूल पेटवली. पातेल्यात थोडं तेल, सहा कांदे उभे चिरून, तमालपत्र, मग मटण. झाऱ्यानं वरखाली करत राहायचं. दहा-बारा मिनिटांत मटणाला अंगचं पाणी सुटतं. ते सुटलं की कढत पाणी घालायचं, मटण बुडून वर चार बोटं. पहिली उकळी येताना राखाडी फेस वर येतो, तो पळीनं काढून टाकायचा. कंटाळा करू नका, काढला नाही तर रस्सा गढूळ होतो.

मग झाकण. झाकण म्हणजे खोलगट परात, आणि तिच्यात काठोकाठ गार पाणी. खालून वर आलेली वाफ परातीच्या बुडाला लागून परत पातेल्यात टपकते, त्यामुळं वास बाहेर जात नाही. दरम्यान परातीतलं पाणी तापतं. खाली पाणी कमी पडलं की तेच ओतायचं आणि परातीत नवं भरायचं. गार पाणी थेट मटणात नाही. "गार घातलंस की आखडलंच बघ," हे अण्णांनी वर्तमानपत्राआडून इतक्यांदा सांगितलं की शेवटी पोरंसुद्धा म्हणायला लागली.

उकळी कशी हवी, हे मला शब्दांत सांगायला अवघड गेलं असतं, पण अण्णा ते कानानं सांगत होते. परात खडखडायला लागली की "लाकूड मागं घे." अजिबात आवाज नाही की "सार पुढं." परातीतलं पाणी नुसतं थरथरत राहील एवढीच आच. गदागदा उकळलं तर चरबी पाण्यात फुटून मिसळते आणि अळणी तेलकट, पांढुरकी होते. मंद ठेवलं तर हाडातला चिकटा सावकाश उतरतो आणि पाणी स्वच्छ राहतं. तासाभरानं एक थेंब बोटांत धरून बघितला. बोटं हलकी चिकटली. कुकरच्या पाण्यात हे मला कधी मिळालं नव्हतं.

पावणेदोन तासांनी, दहाच्या सुमारास, तुकडा बोटांत दाबला तर दबला, आणि नळी आपटल्यावर मगज सुटला. मटण झाऱ्यानं वेगळं काढलं, अळणी गाळली. दहा लिटरच्या आसपास भरली. पहिल्या वाट्या पोरांच्या, अळणी-भात. नंतर मोठ्यांनीही उगाच परड्यात चकरा मारून वाट्या पुढं केल्या. मोजून ठेवलेली अळणी अशी जाते, तेव्हा लिटरभर जास्तीची धरा.

आता दोन पातेल्यांचा फायदा झाला. अर्धी अळणी एकात, अर्धी दुसऱ्यात.

पांढरा आधी, कारण त्याला हात आणि पातेलं दोन्ही तिखटाविना लागतात. पाच नारळांचं दूध जावेनं काढून ठेवलं होतं, पहिलं घट्ट वेगळं, दुसरं पातळ वेगळं. भिजलेला शंभर ग्रॅम काजूतुकडा, पन्नास ग्रॅम खसखस आणि दोन चमचे पांढरे तीळ यांचं गंधासारखं बारीक वाटण. तुपात दालचिनी, लवंग, मिरी, वेलदोडे आणि चिरा दिलेल्या हिरव्या मिरच्या. त्यावर वाटण, तांबूस न होऊ देता परतलं. मग अळणी, मग पातळ दूध, एक उकळी. यानंतर पातेलं निखाऱ्यावर आणून घट्ट दूध धारेनं घातलं आणि ढवळत राहिले. घट्ट दूध पडल्यावर उकळी आली की रस्सा फुटतो, वर दाणे तरंगतात आणि मग कशानंही तो जुळत नाही. झाकणसुद्धा ठेवायचं नाही. कडेला बारीक बुडबुडे दिसले की उतरवायचा. तो दाट करायचा मोह होतो, करू नका. पांढरा वाटीनं प्यायचा असतो.

तांबड्याला भाजलेलं खोबरं चारशे ग्रॅम, भाजलेले कांदे, तीळ, थोडी खसखस, आलं-लसूण-कोथिंबीर आणि चार टोमॅटो, सगळ्याचं वाटण. तेल पाऊण लिटर. हो, एवढं लागतं. वाटण तेल सुटेपर्यंत परतायला अर्धा तास गेला आणि दंड भरून आले. मग पातेलं चुलीवरून खाली घेतलं, चटणी सव्वा वाटी आणि लगोलग एक पळी अळणी. चटणी तापल्या तेलात कोरडी पडली तर क्षणात काळी होते. परत चुलीवर, तेल लाल होऊन वर आलं की उरलेली अळणी, उकळती. मिरचीचा रंग तेलात उतरतो, म्हणून कट, म्हणजे वरचा लाल तवंग, येतो तो आधी तेलात चटणी नीट खुलली तरच. वरून तेल ओतून आणलेला कट जिभेवर कळतो.

अळणी घातल्यावर लगेच चाखला तर चव चार दिशांना चाललेली. खोबरं वेगळं, तिखट वेगळं, मटणाचा पत्ता नाही. पावणेबारा झाले होते, ओसरीवर पानं मांडायला सुरुवात झाली होती, आणि मला खरोखर रडू यायचं बाकी होतं. मी चटणी आणखी घालायला डबा उचलला. "थांब की जरा. काय गडबड हाय?" नळ्या रश्शात सोडायला लावल्या, आच कमी करायला लावली, वीस मिनिटं काही करायचं नाही म्हणाले. वीस मिनिटांनी तोच रस्सा एकजीव. वर लाल कट, खाली मटणाची गोडी. अण्णांनी तळहात पुढं केला, मी त्यावर पळीनं चार थेंब सोडले. त्यांनी चाटले, डोळे मिटलेले. "मीठ." चिमूट घातलं. पुन्हा तळहात. या वेळी काही बोलले नाहीत, टॉवेल झटकला आणि पानावर जाऊन बसले.

बाजूच्या शेगडीवर जावेनं तोवर उरलेल्या वाटणात सुकं मटण परतून घेतलं होतं. भाकरी मी घरी करायच्या भानगडीत पडले नाही. गल्लीतल्या एका मावशींना आधी सांगून साठ भाकरी घेतल्या, पंधरा रुपयांना एक. जेवणाला साडेबारा म्हटलं होतं, एक वाजला. सासूबाई बाजूच्या खोलीत पुरणपोळी खात होत्या आणि दर पाच मिनिटांनी "रस्सा पुरतोय का गं?" विचारत होत्या. पुरला. पांढरा आधी संपला, तांबडा दोन लिटर उरला.

खर्च सगळा मिळून सव्वासात हजारांच्या आसपास, चटणी सोडून. त्यात मटणाचेच ४६८० आणि भाकरीचे नऊशे. लाकूड दीडशेचं आणलं, थोडं उरलं. पातेली शनिवारी सकाळी राखेनं घासून तालमीत नेली. वहीत नग मोजून टिकमार्क झाले, एक पळी कमी भरली, ती आमच्याच परातीखाली सापडली. अनामत पूर्ण परत.

दोन गोष्टी राहिल्या. पांढरा दुसऱ्या दिवशी टिकत नाही, गरम करताना फुटतो, त्यामुळं त्याचा अंदाज हात राखूनच घ्या. तांबडा मात्र दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो, फक्त गरम करताना पातळ करायचा तर कढत पाण्यानं. आणि पंचवीस जणांचा घाट घालणार नसाल, चौघांचाच रस्सा असेल, तरी कुकर बाजूला ठेवून एकदा जाड बुडाच्या पातेल्यात, वर पाण्याचं ताट ठेवून करून बघा. किलोभर मटणाला दीड तास धरा. अळणी जास्त झाली तर डब्यात भरून फ्रीजरला टाका. आमच्या फ्रीजरमध्ये दोन डबे आहेत, रंगपंचमीला अंड्याच्या रश्शाला वापरायचेत.